ओलिवेत्तीचं 'स्पात्सिओ' टेबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिलानमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा नवं टेबल घ्यायच्या ऐवजी एका जुन्या सामानाच्या दुकानातून हे उचललं. ओलिवेत्ती म्हटलं की आपल्याला टाइपरायटर आठवतो, पण याच कंपनीने ऑफिसचं पोलादी फर्निचरही काढलं होतं. 'स्पात्सिओ' ही मालिका १९६० च्या सुमाराची. १९६२ मध्ये तिला 'कोम्पासो द'ओरो' हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला.

रोज आठ-नऊ तास बसून सांगते, टेबल अजिबात हलत नाही. कारण कडेवर हात फिरवल्यावर कळतं. पत्रा गोल वळवून आत मुडपलाय, त्यामुळे कुठेही धार लागत नाही. सपाट पत्रा वाकतो, मुडपलेला वाकत नाही. सगळी ताकद त्या घडीत आहे. शिवाय भाग सुटे होतात. आमच्या चिंचोळ्या जिन्यातून पाय, फळी आणि खणांचा कप्पा वेगवेगळा वर नेला आणि संध्याकाळपर्यंत जोडून झाला.

आता तक्रारी. उंची ७८ सेंटिमीटर भरली. लिहायला छान, पण लॅपटॉपवर टाइप करताना खांदे वर चढतात. खुर्ची उंच करून पायाखाली पाट घेतला तेव्हा मान दुखायची थांबली. जानेवारीत पत्रा इतका गार पडतो की मनगट टेकवत नाही. मी कडेला नमद्याची पट्टी लावलीय. दुकानदार म्हणाला होता, पूर्ण दुरुस्त केलंय. महिन्याभरात एका पायाशी रंगाला फुगा आला, खरवडला तर आत गंज. पॉलिश पेपर मारून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग लावला. घेणाऱ्यांनी आधी टेबल उलटं करून तळ बघावाच.

हे टेबल बी.बी.पी.आर. या मिलानच्या वास्तुकारांचं. बान्फी, बेल्जोयोसो, पेरेसुत्ती आणि रॉजर्स, चौघांनी १९३२ मध्ये एकत्र काम सुरू केलं. शहरातला 'तोर्रे वेलास्का' मनोरा त्यांचाच. पण टेबल काढलं तेव्हा ते तिघेच होते. बान्फी आणि बेल्जोयोसो फॅसिस्टविरोधी लढ्यात पकडले गेले आणि त्यांना माउटहाउझेनच्या छळछावणीत धाडलं. बान्फी एप्रिल १९४५ मध्ये तिथल्या गूसेन छावणीत वारले, बेल्जोयोसो परतले. पुढे तिघांनी मिळून काम केलं, पण नावातलं बान्फींचं अक्षर काढलं नाही.

हे वाचल्यावर मी एका रविवारी मिलानच्या 'मोनुमेंताले' स्मशानभूमीत गेले. छावण्यांत मेलेल्यांसाठी त्यांनी उभारलेलं स्मारक तिथे आहे. बारीक धातूच्या नळ्यांची एक चौकोनी चौकट आणि मधोमध माउटहाउझेनची माती. त्या सडपातळ चौकटीसमोर उभी राहिले तेव्हा घरचं टेबल आठवलं. मोजकं साहित्य, एकही रेघ जास्तीची नाही. कारकुनाच्या टेबलालाही त्यांनी तेवढीच निगुतीची मेहनत दिली. म्हणून मी त्याला 'जुनं फर्निचर' म्हणत नाही.

डावा खालचा खण अजून अडतो. रुळांवर शिलाई मशीनचं तेल सोडलं की पंधरा दिवस सुरळीत चालतो, मग पुन्हा कुरकुर. पुढच्या सुट्टीत रूळ काढून सरळ करायचेत.