एचआयव्हीची मोफत तपासणी: मी स्वतः जाऊन आले

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. मागच्या आठवड्यात मी तिथे एचआयव्हीची तपासणी करून घेतली. पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे सांगते.

मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षं कॉलेजच्या रेड रिबन क्लबमध्ये, म्हणजे एचआयव्ही-एड्सबद्दल जागृती करणाऱ्या गटात काम करते. 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्ही एसटी स्टँडवर पथनाट्य केलं. 'तपासणी करा, घाबरू नका' असं घसा फोडून ओरडलो. नाटक संपल्यावर गणवेशातली एक शाळकरी मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही केलीय का?" आम्ही नऊ जण होतो. कुणीच केली नव्हती. त्या मुलीला काय उत्तर दिलं ते मला आठवतही नाही, पण तिचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी मैत्रिणीला सोबत घेऊन गेले. केसपेपरच्या खिडकीवर मोठी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं विचारलं, "काय होतंय?" मी हळू आवाजात सांगितलं. त्यानं मात्र सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "एचआयव्ही? कुणाची करायचीय? तुझी?" मागच्या दोन बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. मैत्रीण नसती तर मी तिथूनच परत फिरले असते, हे अगदी खरं. एचआयव्ही कायदा 2017 चा आहे आणि गोपनीयता त्याच्या गाभ्याशी आहे. पण खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ते कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. पाचवा तारा इथे गेला. शिवाय पाट्याही धड नाहीत. 'खोली नं. 17' शोधताना आम्ही एक्स-रेच्या दारापर्यंत जाऊन आलो.

खोलीत शिरल्यावर मात्र सगळं बदललं. समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं, मैत्रिणीला बाहेर बसायला सांगितलं आणि मला पाणी दिलं. मी मॅडम म्हणत होते, त्या म्हणाल्या, ताई म्हण. मला वाटलं होतं आधी चौकशी होईल, मग उपदेश. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "तुला काय माहितीय ते आधी तू सांग." क्लबमध्ये पाठ केलेलं मी धडाधडा म्हणून दाखवलं: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, आईकडून बाळाला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "आणि एका ताटात जेवलं तर?" नाही होत, मी म्हटलं. "तुमच्या घरी चालेल?"

मी गप्प झाले. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. नवरा गेल्यावर लोकांनी त्यांचा पाणी प्यायचा पेला वेगळा ठेवला. त्यांच्या मुलीशी खेळायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. मी तेव्हा दुसरीत होते, आणि मीही तिच्याशी खेळणं सोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की इथे येणारे निम्मे लोक आजाराला कमी आणि त्या वेगळ्या पेल्याला जास्त भितात. कॉलेजच्या एकाही व्याख्यानात मला ही गोष्ट इतकी नीट कळली नव्हती.

मग लाकडी मॉडेल काढून त्यांनी निरोध कसा वापरायचा ते दाखवलं. आधी पाकिटावरची तारीख बघायची, कडेनं फाडायचं, दात लावायचे नाहीत, टोक चिमटीत धरून हवा काढायची. मला लाजल्यासारखं झालं. ताईंचा आवाज मात्र कुकरची शिट्टी कशी बसवायची हे सांगावं इतका साधा होता, आणि दोन मिनिटांत माझी लाज गेली. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांचीही चौकशी केली, कारण तिथे टीबीकडेही लक्ष ठेवतात. संमतीपत्र वाचून दाखवलं, मग सही घेतली. सही केल्याशिवाय रक्त घेत नाहीत. वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते.

शेजारच्या टेबलावर टेक्निशियन दादांनी दंडाला रबरी पट्टा बांधला. "मूठ आवळ, इकडे बघू नकोस." मी बघितलंच. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, काम झाल्यावर सुई कटरमध्ये गेली. नळीवर माझ्या नावाऐवजी नंबर लिहिला. पैसे काही लागले नाहीत.

रिपोर्ट त्याच दिवशी, दीड तासानं मिळाला. तोही ताईंनीच दिला, पुन्हा दार लावून. निगेटिव्ह आला. मी लगेच उठायला लागले तर म्हणाल्या, बस जरा. लागण झाल्यानंतर चाचणीत दिसण्याइतकी प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते घटक) तयार व्हायला काही आठवडे जातात. त्यामुळे नुकताच धोका झाला असेल तर आजच्या निगेटिव्हवर विसंबायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. लैंगिक अत्याचार झाला किंवा वापरलेली सुई टोचली, तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठायचा, कारण तेव्हा औषधांनी लागण टाळता येते. जितक्या लवकर जाल तितकं बरं. हे मला क्लबमध्ये दोन वर्षं काढूनही माहीत नव्हतं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

पॉझिटिव्ह आला असता तर काय, हेही मी विचारलं. एकाच चाचणीवर ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन चाचण्या करून खात्री करतात. मग एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात नोंद होते आणि आयुष्यभर मोफत गोळ्या मिळतात. गोळ्या न चुकता घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली ठेवला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आमच्या पथनाट्यात कुठेच नव्हतं. नाटकातला आमचा पॉझिटिव्ह माणूस शेवटी मरतो. ती संहिता मी बदलायला घेतलीय.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सकाळी लवकर जा, अकरानंतर गरोदर बायकांची गर्दी होते आणि ताईंना तेवढा वेळ देता येत नाही. आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. आमच्याकडे तरी थेट 17 नंबरच्या खोलीत गेलं तरी चालतं, असं ताईंनी निघताना सांगितलं. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

खिडकीबद्दल मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकलीय, नाव-नंबरासकट. येत्या मंगळवारी हॉस्टेलमधल्या दोघींना घेऊन जातेय. एकीनं विचारलं, बाहेर थांबशील ना? थांबणार आहे.