चिखलाच्या मोसमासाठी माउंटन बाइकचे टायर: बरेच महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. मड टायर, म्हणजे खास चिखलासाठीचा टायर, घ्यायचाच असेल तर पुढच्या चाकाला घ्या, मागच्याला लावायची घाई करू नका. अख्खा ओला हिवाळा दोन्ही जोड्या आलटून पालटून चालवल्यावर माझं मत इथं येऊन थांबलंय.

गाडी २९ इंची, ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेली. सध्या पुढे २.४ इंचाचा मध्यम उंचीच्या नॉबचा (टायरवरच्या रबरी गुठळ्यांचा) मड टायर आहे आणि मागे २.३ चा नेहमीचा ऑलराउंड. आपलं मागचं चाक घसरलं तर कंबर हलवून सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, माणूस थेट जमिनीवर. मागे मड टायर लावला तेव्हा चढावर पकड वाढली, खोटं का बोला. पण ट्रेलपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर गाडी ओढल्यासारखी चालायची, वर टायरची घरघर. शिवाय चढावर चाक जागच्या जागी फिरलं की मधल्या नॉबच्या कडा खरवडून निघतात. तेवढ्या पकडीसाठी एवढी किंमत मला पटली नाही.

मड टायर म्हणजे सगळे सारखेच, असं मात्र नाही. श्वाल्बेचा डर्टी डॅन हा उंच, विरळ खिळ्यांसारख्या नॉबचा, खास चिखलासाठीच. मॅक्सिसचा शॉर्टी नावाप्रमाणे आखूड नॉबचा. पूर्वी डाउनहिलवाले, म्हणजे डोंगरउताराच्या शर्यती करणारे, उंच नॉब कटरने छाटून घ्यायचे, हा जवळपास तसा छाटलेलाच मिळतो. श्वाल्बेचीच मॅजिक मेरी त्याहून सर्वसाधारण, मऊ जमिनीची. वाटेत कुठं दगड, कुठं मुळं, कुठं राडा असेल तर आखूड नॉबच बरे. उंच नॉब कठीण जागी वळणावर वाकतात आणि टायर पायाखालून सरकतोय असं वाटतं.

ओली, बुळबुळीत मुळं हा वेगळाच विषय. तिथं नॉबची उंची काही कामाची नाही, रुतायला मातीच नसते. तिथं वाचवतं ते मऊ रबर. थंडीत रबर आणखी कडक होतं, म्हणून पुढच्या टायरला जरा लवकर झिजणारं का होईना, पण मऊच कंपाउंड (रबराचं मिश्रण) घ्यावं. माझ्या दोन्ही पुढच्या टायरांत सगळ्यात मोठा फरक याचाच जाणवला, नक्षीचा त्यानंतर.

रुंदीचं गणित बऱ्याच जणांना उलटं वाटतं. वर पातळ चिखल आणि खाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापत खाली जाऊन पकड घेतो. सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवतातून जाणाऱ्या सायकल शर्यतीत यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या) नियमानं टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, आणि तेवढ्यावर ती मंडळी चिखलातून बेफाम जातात. खाली घट्ट काही नसेल, नुसती दलदल असेल, तर मात्र रुंद टायर वर तरंगतो. पण रुंद टायर लावण्याआधी फ्रेममधली जागा बघा. माझा जुना मागचा टायर आत्ताच्यापेक्षा रुंद होता. त्याला चिकटलेला वाळूमिश्रित रेंदा घासून घासून चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारून जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूचा रंग गेला आणि खालचा धातू उघडा पडला. आता सोपी चाचणी करतो: टायर आणि चेनस्टे यांच्यात बोट मोकळं जात नसेल तर तो टायर चिखलासाठी नाही.

नॉब विरळ असले तरी चिखल आपोआप झडत नाही, त्याला चाकाचा वेग लागतो. उतारावर टायर स्वच्छ, सावकाश चढावर पुन्हा भरलेला. आणि चिकणमाती अर्धवट वाळलेली असेल तर कुठलाच टायर चालत नाही. दोन्ही चाकं गुळाच्या ढेपेसारखी होतात. अशा दिवशी गाडी घरीच ठेवावी. वाटेवर चर पडतात ते वेगळंच.

हवेबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. घरात २० अंशाला २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून बाहेर ० अंशाला गेलात तर टायर थंड झाल्यावर साधारण साडेएकोणीसच उरतात. आधीच कमी हवेवर चालवणाऱ्याला एवढा फरक रिम आपटायला पुरतो. मी आता गाडी थोडा वेळ बाहेर ठेवून, टायर गार झाल्यावरच गेज लावतो. सीलंटही, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घातलेलं द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. टायर उघडला तर आत कधी कधी वाळलेला रबरी पापुद्राच हाती येतो.

झिजेचं म्हणाल तर पुढच्याचे मधले नॉब अजून ताठ आहेत. कडेच्या नॉबच्या बुडाशी बारीक चिरा दिसू लागल्यात, मऊ रबरात त्या येणारच. हा संपला की पुढे पुन्हा हाच प्रकार घेईन, रुंदी तीच. मागचा मात्र एखादा आकार अरुंद बघतोय.