भूल देण्याची हातोटी : डोंबिवलीतील एका दंतचिकित्सालयाविषयी

दातांच्या दवाखान्याविषयी अभिप्राय देताना बहुतेक जण स्वच्छता, फी आणि ताटकळावे लागलेला वेळ यांविषयी लिहितात. डोंबिवली पूर्वेतील या दोन खुर्च्यांच्या दवाखान्याच्या बाबतीत त्याही गोष्टी ओघात येतीलच, पण मला त्याची शिफारस करावीशी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. दात बधिर करण्याचे इंजेक्शन सर्वांवर सारखे काम करत नाही, हे येथील डॉक्टर बाई गृहीत धरूनच कामाला लागतात आणि रुग्ण ‘अजून दुखते आहे’ असे म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवतात. आमच्या घरातील चौघांनी येथे उपचार घेतले : मी, माझी आई, धाकटा भाऊ आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा. औषध मूलतः एकच होते, तरी चौघांच्या चार तऱ्हा झाल्या.

माझी खालची दाढ किडून तिच्यातील नस सुजली होती आणि रूट कॅनाल करावे लागणार होते. यापूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात अशाच दाढेवर काम करताना मी हात वर केला, तेव्हा ‘ओठ बधिर झाला आहे ना, मग दुखणार नाही, थोडे सहन करा’ असे उत्तर मिळाले होते. येथे मात्र इंजेक्शननंतर ओठ जड झाल्याचे मी सांगितले, तरी बाईंनी ड्रिल हाती घेतले नाही. कापसाच्या बोळ्यावर थंडगार फवारा मारून त्यांनी तो दाढेला लावला. कळ थेट कानापर्यंत गेली. ‘ओठाचे ऐकायचे नसते, दाढेला विचारायचे असते,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या इंजेक्शनच्या तयारीला लागल्या.

असे का होते, हे त्यांनी काम करता करता समजावून सांगितले आणि ते सांगणे मला महत्त्वाचे वाटते. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने विरळ असल्याने दाताच्या मुळाशेजारी हिरडीत औषध सोडले तरी ते आत झिरपते. खालच्या जबड्याचे हाड दाढांपाशी जाड असते, त्यामुळे नस जबड्यात शिरते त्या जागेच्या आधीच, तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात, तिला गाठावे लागते. विल्यम हॅलस्टेड यांनी न्यूयॉर्कमध्ये १८८४ साली कोकेन वापरून ही नस पहिल्यांदा बधिर केली, आणि तेव्हापासून आजपर्यंत हे इंजेक्शन जवळजवळ अंदाजानेच दिले जाते, कारण नस डोळ्यांना दिसत नाही आणि ती जबड्यात शिरण्याची जागा माणसागणिक थोडी वर, खाली किंवा मागे असते. काहींच्या दाढेला शेजारच्या दुसऱ्या नसेचीही एखादी बारीक शाखा येते, आणि मुख्य नस पूर्ण झोपली तरी ती शाखा जागी राहते. सरावलेल्या हातांनी दिलेले हे इंजेक्शनही साधारणपणे शंभरातील पंधरा ते वीस जणांत पुरेसे लागत नाही, असे दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतच नमूद आहे. दाढेची नस सुजलेली असेल तर अपयशाचे प्रमाण आणखी वाढते.

‘पू झाला की भूल चढत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि त्यात तथ्यही आहे. सुजलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या भागात आम्लता वाढते, आणि लिग्नोकेनचा, म्हणजे भुलीच्या नेहमीच्या औषधाचा, जो अंश नसेच्या आवरणातून आत शिरू शकतो तो अशा आम्ल जागी कमी उरतो. परंतु माझ्या बाबतीत सूज दाढेत होती आणि सुई तर बरीच मागे, निरोगी भागात गेली होती. त्यामुळे केवळ आम्लतेने ही गोष्ट उलगडत नाही, हे बाईंनी स्वतःहून सांगितले. दीर्घकाळ ठणकणारी नस स्वतःच बदलते. तिच्यातील कळेचा संदेश पुढे नेणारे सोडियमचे मार्ग, ज्यांना लिग्नोकेन बंद करते, त्यांचा प्रकार आणि संख्या पालटते, आणि एरवी पुरेशी ठरणारी मात्रा तिला गप्प करू शकत नाही. रात्रभर न झोपता, घाबरून आलेल्या रुग्णाला तीच कळ अधिक तीव्र भासते, हा भाग वेगळा. म्हणजे दोष रुग्णाच्या सहनशक्तीचा नसतो. हे वाक्य ऐकण्यासाठी मी फी दिली असती तरी मला चालले असते.

दुसरे इंजेक्शन दाढेच्या गालाकडील बाजूस दिले. औषध आर्टिकेन होते. १९७६ साली जर्मनीत वापरात आलेले हे औषध हाडातून लिग्नोकेनपेक्षा चांगले झिरपते. त्यानंतर बाईंनी पुन्हा वाट पाहिली, पुन्हा थंड बोळा लावला, आणि या वेळी काहीही जाणवले नाही. एवढ्यानेही भागले नसते तर दात आणि हाड यांच्यामधील फटीत, आणि अगदीच वेळ आली तर उघडलेल्या नसेतच थेट औषध द्यावे लागले असते. त्यातला शेवटचा उपाय क्षणभर फार दुखतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. काम चालू असताना त्या अधूनमधून विचारत, ‘ताई, टोचते आहे की नुसते दाबल्यासारखे वाटते?’ हा प्रश्न नेमका आहे. भूल कळ थांबवते, पण दाब आणि थरथर वाहून नेणारे जाड तंतू उशिरा आणि अर्धवट बधिर होतात, आणि पुष्कळ रुग्ण त्या दाबालाच दुखणे समजून अंग आखडून घेतात. दोन्हींतला फरक आधी कळला की खुर्चीचे हात घट्ट धरून बसावे लागत नाही.

आईची गोष्ट उलटी होती. तिला भूल लगेच चढते, पण बरीच वर्षे ती ‘मला त्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ असे सर्वांना सांगत आली होती, आणि त्यापायी वरची हलणारी दाढ तशीच ठेवून एका बाजूने जेवत होती. पूर्वी कोठेतरी दात काढताना तिची छाती धडधडली, हात थरथरले, घाम आला, आणि तेथील कोणीतरी ‘तुम्हाला हे सोसत नाही’ असे म्हणून मोकळे झाले. येथे डॉक्टर बाईंनी ‘काकू, त्या दिवशी नेमके काय काय झाले ते पहिल्यापासून सांगा’ असे म्हणून सर्व ऐकून घेतले. अंगावर गांध्या उठल्या होत्या का, ओठ किंवा घसा सुजला होता का, श्वास कोंडला होता का, आणि धडधड किती वेळ टिकली, हे त्यांनी एकेक करून विचारले. गांध्या नव्हत्या, सूज नव्हती, श्वासाचा त्रास नव्हता, आणि सर्व प्रकार काही मिनिटांत शमला होता. हे वर्णन ॲलर्जीचे नसून ॲड्रिनॅलिनचे, म्हणजे घाबरल्यावर शरीरातही सुटणाऱ्या द्रव्याचे, आहे.

भुलीच्या औषधात ॲड्रिनॅलिन मिसळलेले असते, हे बहुतेक रुग्णांना कोणी सांगतच नाही. ते रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे औषध जागीच टिकून राहते आणि रक्तस्रावही कमी होतो. त्याच्याविना दोन टक्के लिग्नोकेन दाताला जेमतेम पाच ते दहा मिनिटे बधिर ठेवते, त्याच्यासह सुमारे तासभर. मात्र ते घाईने दिले किंवा थोडेसे रक्तवाहिनीत गेले की हृदय जोरात धडधडू लागते, आणि आधीच भ्यायलेल्या माणसाला आता आपले काही खरे नाही असे वाटते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ आहे. ते १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी तयार केले आणि १९४८ मध्ये बाजारात आले. त्याआधी वापरल्या जाणाऱ्या प्रोकेनच्या गटातील औषधांनी ॲलर्जी अधिक प्रमाणात होत असे, आणि बहुधा त्या काळातील धास्तीच लोकांच्या तोंडी टिकून राहिली असावी. मोठ्या कुप्यांमध्ये टिकाऊपणासाठी घातलेल्या पॅराबेनची किंवा ॲड्रिनॅलिनसोबत येणाऱ्या सल्फाइटची ॲलर्जी काहींना असू शकते, म्हणून येथे एकेका रुग्णापुरती औषधाची बंद काडतुसे (छोट्या नळ्या) वापरतात आणि दम्याची चौकशी करतात.

आईला रक्तदाब आहे. बाईंनी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवली, खुर्चीवर बसल्यावर रक्तदाब मोजला आणि ॲड्रिनॅलिनचे प्रमाण कमी असलेले औषध निवडले. आपल्याकडे नेहमी वापरतात ते ८० हजारांत एक भाग या प्रमाणाचे, म्हणजे मिलीलीटरमागे साडेबारा मायक्रोग्रॅमचे असते. तिला दिलेले दोन लाखांत एक भागाचे, म्हणजे मिलीलीटरमागे पाच मायक्रोग्रॅमचे होते. ॲड्रिनॅलिन पूर्णपणे का टाळले नाही, असे मी विचारले, तर भूल अपुरी पडून दुखले की शरीर स्वतःच त्याहून कितीतरी जास्त ॲड्रिनॅलिन रक्तात सोडते, असे उत्तर मिळाले. सुई आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करायची आणि मग अगदी सावकाश औषध सोडायचे, ही पद्धत मी शेजारी उभी राहून पाहिली. दाढ निघाली ते आईला कळलेदेखील नाही. वरचा दात काढल्याने नजर कमी होते का, हा तिचा प्रश्न बाईंनी हसण्यावारी नेला नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी, हे त्यांनी भिंतीवरील चित्रावर बोट ठेवून दाखवले.

माझा भाऊ व्यायामशाळेत जाणारा, धिप्पाड गडी. तो सुई टोचण्याआधीच पांढराफटक पडला आणि त्याची शुद्ध हरपली. त्या दिवशी संकष्टी होती आणि त्याने सकाळपासून फक्त चहा घेतला होता. दातांच्या खुर्चीवर सर्वाधिक घडणारा प्रसंग हाच. भीतीने हृदयाची गती आणि रक्तदाब एकदम घसरतात, मेंदूला रक्त कमी पडते, आणि याचा औषधाशी काहीही संबंध नसतो. धट्टीकट्टी तरुण माणसेच यात अधिक सापडतात. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले गेले आणि तो लवकरच शुद्धीवर आला. प्रसंग शांतपणे हाताळला गेला, हे खरे. तरी वेळ देताना फोनवर ‘जेवून या’ असे कोणी सांगितले नव्हते, ही त्रुटी नोंदवायलाच हवी. आपल्याकडे उपवासाचे वार इतके आहेत की हा प्रश्न स्वागतकक्षातूनच विचारला गेला पाहिजे. भावाला दुसऱ्या दिवशी बोलावून पडल्या अवस्थेतच इंजेक्शन दिले आणि काही झाले नाही.

भाच्याच्या बाबतीत सुई हा प्रश्नच नव्हता. हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावली, गाल ताणून धरला, आणि बाई त्याच्याशी क्रिकेटविषयी बोलत राहिल्या. मुलांना औषधाची मात्रा वजनावर ठरवावी लागते म्हणून त्याला आधी काट्यावर उभे केले, हेही आवडले. अडचण नंतर आली. दात तासाभरात जागा होतो, पण ओठ आणि गाल तीन ते पाच तास बधिर राहू शकतात, आणि या काळात मुलांना आपला ओठ परका वाटून तो चावण्याचा मोह होतो. सूचना भावाला तोंडी दिल्या गेल्या, त्या घरी माझ्या भावजयीपर्यंत पोचल्या नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत पोराने खालचा ओठ चावून सुजवून ठेवला. संध्याकाळी दवाखान्यातून चौकशीचा फोन आला आणि फोटो पाहून ‘पू नाही, चावल्याची सूज आहे, काही दिवसांत पांढरी खपली जाईल’ असे सांगितले गेले, त्यामुळे जीव भांड्यात पडला. तरीही एक छापील चिठ्ठी मुलाच्या हाती द्यायला खर्च कितीसा येतो?

बाकीच्या बाबी थोडक्यात. उपकरणांची पाकिटे रुग्णासमोर उघडली जातात. फी आसपासच्या दवाखान्यांपेक्षा किंचित जास्त आहे, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या इंजेक्शनचे वेगळे पैसे लावत नाहीत. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढवतच न्यावे लागते. वेळा मात्र हमखास पुढे सरकतात, कारण बाई प्रत्येकाची भूल तपासून मगच हात लावतात आणि कोणाला ती लवकर चढते, कोणाला नाही. बाहेर बसलेल्यांची कुरकूर मी ऐकली आहे. आतल्या खुर्चीवर बसण्याची पाळी आली की ती कुरकूर करणाऱ्यालाही तीच दिरंगाई हवीशी वाटेल, अशी माझी अटकळ आहे.

संध्याकाळी सातनंतरची वेळ घेणाऱ्यांनी अर्धा तास जादा धरूनच जावे. पूर्वी कधी भूल लागली नसेल किंवा तिचा त्रास झाला असेल तर ते फोनवरच सांगावे, म्हणजे लांबची वेळ मिळते. लहान मुलाला नेणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागावी. बधिरता उतरेपर्यंत मूल जागे आणि डोळ्यांसमोर राहते, आणि झोपेत ओठ चावला जाण्याची भीती उरत नाही.