वडिलांच्या अपघाताचा पंचनामा मी पैसे मोजून घेतला आणि तो बनावट निघाला

२०२५ च्या फेब्रुवारीत पुणे-बेंगळुरू महामार्गालगत उचगावजवळच्या सेवा रस्त्यावर माझ्या वडिलांच्या दुचाकीला एका मालवाहू टेम्पोने मागून धडक दिली. आण्णांच्या उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. फिर्याद मी स्वतः दिली. रात्री साडेअकराच्या सुमारास जबाब वाचून, सही करून मी पोलीस ठाण्यातून बाहेर पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून भावाचे फोनवर फोन येत होते. ठाणे अंमलदारांनी "प्रत घेऊन जावा, ताई" असे सांगूनही मी "उद्या येते" म्हणून निघाले. त्यानंतर आण्णांची शस्त्रक्रिया, रक्ताची जुळवाजुळव आणि आईची घालमेल यांत तो उद्या आलाच नाही. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हे मला तेव्हाही माहीत होते. तरीही पुढे त्याच प्रतीसाठी मी पैसे मोजले, म्हणून हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

अपघाताला बारा दिवस झाले असताना मला एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण "पोलीस रेकॉर्डचे काम बघतो" असे सांगितले आणि आमचा गुन्हा रजिस्टर नंबर, आण्णांचे पूर्ण नाव, टेम्पोचा क्रमांक, एवढेच नव्हे तर मी फिर्यादीत वापरलेले एक वाक्यही जसेच्या तसे सांगितले. एवढी माहिती असलेला माणूस पोलीस ठाण्याच्या आतलाच असणार, असे मी धरून चालले. त्याच्या व्हॉट्सॲपवर खाकी गणवेशातील छायाचित्र होते. बोलणे मात्र अतिशय अदबीचे होते. "वडिलांना सोडून तुम्ही कुठं हेलपाटे मारत बसणार, ताई? नुकसानभरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांचीच मुदत असते, ती गेली की सगळंच गेलं," हे त्याने इतक्या काळजीच्या सुरात सांगितले की मला आधार वाटला. मुदतीचे त्याचे म्हणणे हवेतले नव्हते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तशी तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. एका खऱ्या गोष्टीच्या आडून तो दहा खोट्या गोष्टी माझ्या गळी उतरवत होता, हे मला फार उशिरा कळले.

पहिल्यांदा त्याने प्रथम खबर अहवालाच्या, म्हणजे एफआयआरच्या, "प्रमाणित प्रती"साठी १,५०० रुपये मागितले. मी यूपीआयने पाठवले आणि अर्ध्या तासात पीडीएफ आली. ती मी ओळीन् ओळ वाचली. मजकूर माझाच होता, एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. शेवटच्या पानावर गोल शिक्का आणि सही होती. माझा विश्वास बसला तो इथे. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा आणि वाहन तपासणीचा अहवाल यांसाठी त्याने मागितलेले ४,८०० रुपये मी दुसऱ्या विचाराविना पाठवले. दोन दिवसांनी सात पाने आली. पुढे टेम्पोमालकाच्या विम्याची माहिती "काढून देण्यासाठी" त्याने ९,००० रुपये सांगितले. ते देण्याआधी मी आलेले कागद वकिलांना दाखवायला नेले, ते केवळ फी ठरवायची होती म्हणून.

वकीलसाहेबांना पंचनाम्याचे पहिले पान पुरेसे झाले. अपघात २०२५ चा असताना त्यावर भारतीय दंड संहितेची २७९, ३३७ आणि ३३८ ही कलमे छापलेली होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे त्या तारखेनंतर बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा कलम २८१ खाली आणि त्यातून झालेली दुखापत कलम १२५ खाली नोंदवली जाते. आमच्या प्रथम खबर अहवालात हीच नवी कलमे होती. म्हणजे त्याच माणसाने पाठवलेले दोन कागद एकमेकांशीच जुळत नव्हते, आणि ते दोन्ही माझ्या पिशवीत आठवडाभर शेजारी शेजारी पडून होते. मग त्यांनी मला शिक्के पाहायला सांगितले. सातही पानांवर शिक्का एकाच कोनात कलला होता आणि 'कोल्हापूर'मधील 'ल्हा'चा खालचा कोपरा प्रत्येक पानावर त्याच जागी पुसट होता. हाताने मारलेले सात शिक्के असे कधीही उमटत नाहीत. एकच चित्र सात वेळा डकवलेले होते.

याहून वाईट गोष्ट मजकुरात होती. बनावट पंचनाम्यात धडक समोरासमोर झाल्याचे आणि दुचाकी विरुद्ध दिशेने येत असल्याचे लिहिले होते. कोणत्या तरी दुसऱ्याच अपघाताचा मजकूर उचलून त्याने त्यात आण्णांचे नाव घातले होते. तो कागद आम्ही दाव्यासोबत दाखल केला असता, तर अपघातात आण्णांचीच चूक होती असे आमच्याच हाताने लिहून दिल्यासारखे झाले असते. शिवाय बनावट दस्तऐवज तो बनावट आहे हे ठाऊक असताना खरा म्हणून वापरणे हा न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, आणि आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करत बसण्याची वेळ अंथरुणाला खिळलेल्या माणसावर आली असती. गेलेल्या ६,३०० रुपयांचे दुःख मला आहेच, पण हा धोका कळला त्या दिवशी माझे हातपाय गार पडले.

त्याला एवढी माहिती मिळाली कुठून, याचे उत्तर वकिलांच्या कार्यालयातच मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांचा अपवाद वगळता, प्रत्येक प्रथम खबर अहवाल साधारणपणे २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' हा विभाग त्यासाठीच आहे. तेथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा निवडल्या की अहवाल उघडतो आणि उतरवून घेता येतो. वकिलांच्या सहायकाने माझ्यासमोर तीन-चार मिनिटांत आमचा अहवाल काढून दिला, एक रुपयाही न भरता. माझा मोबाइल क्रमांकही त्यातच होता. १,५०० रुपयांना घेतलेली प्रत तीच होती, फक्त तिच्यावर शिक्का डकवलेला होता. ही सोय लोकांच्या हक्कासाठी झाली आहे आणि ती राहिलीच पाहिजे, पण फिर्याद दिल्यावर काही दिवसांत असा फोन येऊ शकतो, हे प्रत्येक फिर्यादीच्या घरात माहीत असायला हवे. समोरचा तुमच्या गुन्ह्याचा क्रमांक आणि फिर्यादीतील वाक्ये सांगतो, याचा अर्थ एवढाच की त्याने तो अहवाल वाचला आहे.

आता खरे कागद कसे मिळाले ते सांगते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे, त्यामुळे ती मी पोलीस ठाण्यात जाऊन ओळखपत्र दाखवून घेतली. पंचनाम्यासाठी प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहिला. त्यात गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, आण्णांशी असलेले नाते आणि प्रत कशासाठी हवी हे नमूद केले, आणि बारनिशीत, म्हणजे ठाण्याच्या आवक-जावक कक्षात, अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारखेसह पोच घेतली. ही पोच फार महत्त्वाची आहे, कारण तिच्याशिवाय आपण अर्ज दिला होता हेच दाखवता येत नाही. टेम्पोमालक आणि विमा कंपनी यांच्या तपशिलासाठी त्या माणसाने ९,००० रुपये सांगितले होते. नुकसानभरपाई मागणाऱ्याला वाहनाची आणि विम्याची ही माहिती विहित शुल्क घेऊन देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे आणि नोंदणी प्राधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. त्याशिवाय १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. ज्या मुदतीची भीती घालून मला घाईला आणले गेले, त्या मुदतीच्या आत हे कागद व्यवस्थेतूनच पुढे सरकत होते.

पोलीस ठाण्यातून प्रत मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग आहे. जोडपत्र 'अ'मध्ये, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. प्रतींसाठी साध्या आकाराच्या पानाला २ रुपये पडतात, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते. तपास चालू असेल तर कलम ८(१)(ज) दाखवून नकार मिळू शकतो, परंतु ती माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे कार्यालयाने सांगायला हवे, नुसते कलम लिहून भागत नाही. दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यानंतर कसबा बावडा रस्त्यावरील न्यायसंकुलात नक्कल अर्ज करून प्रमाणित प्रती घेता येतात. यांपैकी कोणत्याही मार्गात जिथे शुल्क आहे तिथे पावती आहे, आणि कुठेही कोणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवावे लागत नाहीत.

खरा पंचनामा हातात आला तेव्हा मी तो न्यायालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसून वाचला. दुचाकी रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेली, मागचा दिवा फुटलेला, मडगार्ड आत चेपलेले आणि बाजूला आण्णांचा स्टीलचा डबा, झाकण निघालेला. मागून धडक बसल्याची प्रत्येक खूण त्यात नोंदवलेली होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी तक्रार केली ती शेवटचे पैसे पाठवल्यानंतर नवव्या दिवशी. फसवणूक झाल्यावर पहिल्या काही तासांत हा फोन केला, तर समोरच्या खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ते खाते तोवर रिकामे झाले होते. तक्रारीचा पोच क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि ती बनावट सात पाने घेऊन मी पोलीस ठाण्यात लोकसेवक असल्याची बतावणी, फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबाबत वेगळी फिर्याद दिली. वकिलांच्या सल्ल्याने त्या पानांवर आधी लाल शाईने 'बनावट' असे लिहून, त्यांची एक छायाप्रत स्वतःकडे ठेवली होती, जेणेकरून घरातील दुसऱ्या कोणाच्या हातून ती चुकून दाव्याच्या फाइलमध्ये जाऊ नयेत. फिर्याद नोंदवून झाली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि आण्णांच्या औषधाची वेळ टळत होती. प्रत छापून, सही-शिक्का होऊन हातात येईपर्यंत मी बाकावर बसून राहिले.