जीजीप्लॉट२ की सीबॉर्न? गटागटांचा डेटा शेजारी मांडताना

तीन-चार गटांचा डेटा आहे, त्यांची वितरणं शेजारी ठेवून बघायची आहेत. आलेख काढायला आर या भाषेतलं जीजीप्लॉट२ हे पॅकेज धरावं की पायथनमधलं सीबॉर्न? बॉक्स प्लॉट, व्हायोलिन, हिस्टोग्राम, डेन्सिटी सगळं दोन्हीकडे दोन-चार ओळींत निघतं. खरा फरक आहे तो तुम्ही काहीच न सांगता सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काय ठरवून मोकळं होतं, यात.

डेन्सिटीचंच घ्या, म्हणजे हिस्टोग्रामच्या जागी काढलेली गुळगुळीत रेघ. एका गटात ९०० नोंदी, दुसऱ्यात १००. सीबॉर्नमध्ये रंगाने गट वेगळे केले की सगळ्या गटांचं मिळून क्षेत्रफळ १ धरलं जातं. लहान गटाच्या वाट्याला ०.१ येतं आणि त्याची रेघ तळाला चिकटून बसते. जीजीप्लॉट२ प्रत्येक गटाला स्वतंत्र १ देतं. कुठल्या गटात किती नोंदी हेही दाखवायचं असेल तर पहिली रीत बरी. पण गटांची तुलना म्हणताना बहुतेकांच्या मनात आकाराची तुलना असते, आणि तिथे जीजीप्लॉट२ न सांगता योग्य ते करतं. सीबॉर्नमध्ये 'कॉमन नॉर्म' ही सेटिंग बंद करावी लागते.

व्हायोलिनमध्येही (तीच डेन्सिटी, दोन्ही बाजूंना आरशासारखी काढलेली) तेच. सीबॉर्न टोकाच्या नोंदीपलीकडे शेपूट ओढतं, त्यामुळे प्रतीक्षेचा वेळ शून्याखाली गेलेला दिसू शकतो. 'कट' ही सेटिंग शून्य केली की थांबतं. जीजीप्लॉट२ मुळातच टोकाला कापतं.

आता जीजीप्लॉट२चा खड्डा, आणि तो जास्त खोल आहे. बॉक्स प्लॉटमध्ये वरचे एक-दोन ठिपके फार लांब गेले म्हणून 'वाय-लिम' या आज्ञेने उभा अक्ष आवळला, की हद्दीबाहेरच्या नोंदी आधी फेकल्या जातात आणि मग मध्यक (मधली नोंद), चतुर्थक (पाव आणि पाऊण वाटेवरच्या नोंदी, म्हणजे बॉक्सच्या कडा) काढले जातात. झूम केल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात बॉक्सच बदललेला असतो. इशारा येतो, पण लाल अक्षरं कोण वाचतं? नुसतं जवळून बघायचं तर मर्यादा 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये द्या. सीबॉर्नमध्ये आलेख काढून झाल्यावर अक्ष आवळला तर आकडेमोडीला धक्का लागत नाही.

बॉक्स प्लॉटची मर्यादा मात्र सॉफ्टवेअरची नाही. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी तो रूढ केला तो हाताने पटकन काढता यावा म्हणून. पाच आकडे आणि काही ठिपके, बस्स. दोन उंचवटे असलेलं वितरण आणि एक सपाट वितरण, दोघांचा बॉक्स हुबेहूब सारखा येऊ शकतो. गटात दहा-पंधराच नोंदी असतील तर बॉक्स, व्हायोलिन दोन्ही सोडा आणि ठिपकेच दाखवा. बॉक्सवर ठिपके पसरवणार असाल तर बॉक्सचे स्वतःचे आउटलायर (दूर पडलेले ठिपके) लपवा, नाहीतर तेच ठिपके दोनदा दिसतात. हे दोन्हीकडे लागू.

नोंदी भरपूर असतील तर मी ईसीडीएफ काढतो, म्हणजे प्रत्येक आकड्यापर्यंत किती हिस्सा नोंदी येतात हे दाखवणारी ० ते १ चढत जाणारी रेघ. बिन (हिस्टोग्रामचे कप्पे) किती, बँडविड्थ (डेन्सिटीची रेघ किती गुळगुळीत करायची ते माप) किती, हा घोळच नाही. आडवी रेघ ०.५ वर धरली की प्रत्येक गटाचा मध्यक वाचता येतो. वाचणाऱ्याला सवय नसते, ही एकच अडचण. जीजीप्लॉट२मध्ये तो आहेच, सीबॉर्नमध्ये ०.११ आवृत्तीपासून आला.

डेटा आधीच पायथनच्या पांडाजमध्ये साफ करून ठेवला असेल तर केवळ आलेखासाठी आरकडे जाऊ नका, सीबॉर्न पुरतं. एकावर एक थर चढवायचे असतील, दोन-दोन घटकांनी चौकटी पाडायच्या असतील, तर माझं मत जीजीप्लॉट२ला.

फक्त एका अहवालात आरचा मूळ बॉक्सप्लॉट आणि जीजीप्लॉट२ मिसळू नका. १ ते ६ हे सहा आकडे दिले तर आरचा मूळ बॉक्स २ ते ५ असा येतो आणि जीजीप्लॉट२चा २.२५ ते ४.७५. चतुर्थक काढायची रीतच वेगळी आहे. सीबॉर्नचा बॉक्स इथे जीजीप्लॉट२शी जुळतो.