स्कूटरची बॅटरी: एनएमसी घ्यावी की एलएफपी?

एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट; हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. एनएमसीचा सेल चेपला, आत शॉर्ट झाला किंवा जादा चार्ज झाला, की साधारण २०० अंशांच्या आसपास त्याचं कॅथोड (सेलमधली धन बाजू) स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं. म्हणून ही आग वाळूने दबत नाही आणि एक सेल शेजारच्याला पेटवत जातो. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो. तिथे ही वेळ २७० अंशांच्या आसपास येते आणि उष्णताही कमी निघते. बदल्यात वजन वाढतं: ३ किलोवॉट-तासाच्या पॅकमध्ये एनएमसीचे नुसते सेल १३-१४ किलो, एलएफपीचे १९ किलोच्या घरात. बॅटरी काढून जिना चढायचा असेल तर हा फरक रोज जाणवतो.

तरी ‘एलएफपी पेटतच नाही’ यावर विश्वास ठेवू नका. जून २०२२मध्ये वसईत पेटलेल्या इलेक्ट्रिक कारमध्ये एलएफपीच सेल होते. शिवाय बिघडलेला एलएफपी सेल हायड्रोजनमिश्रित वायू सोडतो. बंद खोलीत तो साठला तर एक ठिणगी पुरते.

सर्वांत मोठा धोका आहे चार्जरची अदलाबदल. ‘४८ व्होल्ट’ नावाने विकला जाणारा १३ सेलच्या मालिकेचा एनएमसी पॅक ५४.६ व्होल्टला भरतो. १६ सेलचा एलएफपी पॅक ५८.४ला. पिन जुळली म्हणून एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट येतात. बीएमएसने, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, तिथे चार्जिंग तोडायला हवं. स्वस्त पॅकमध्ये नेमका त्याचा मॉसफेट, म्हणजे प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विचच शॉर्ट होऊन बसलेला असू शकतो.

त्यामुळे ३१ मार्च २०२३पासून पूर्ण लागू झालेल्या सुधारित एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या भारतीय मानकाप्रमाणे पॅक मंजूर आहे का, हे आधी विचारा. नंबरप्लेट न लागणाऱ्या, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या स्कूटर मोटार वाहनांत मोडतच नाहीत. तिथे अधिक कसून पाहा.

चार्जिंग जिन्याखाली किंवा घरात होणार असेल, तर आमचं मत सरळ एलएफपीच्या बाजूने. मोकळ्या पार्किंगमध्ये, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चार्ज करणार असाल, तर मंजूर पॅकची एनएमसीही चालेल. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र दोन्हींना गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या.

पॅकमधून गोडसर वास, फुसफुस किंवा धूर आला तर पॅक उचलू नका. माणसं बाहेर काढा, शक्य असेल तर लांबूनच मेनस्विच बंद करा, १०१ला फोन करा. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसते, सेल थंड होत नाहीत. त्याला भरपूर पाणी लागतं. विझलेला पॅकही काही तासांनी पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो इमारतीपासून दूर उघड्यावरच ठेवायला सांगा.