बेळगावची पार्ट-लोड वाहतूक: कोल्हापूर-हुबळीला बिनधास्त, पुण्यापुढे जरा जपून

दोन-चार नगांसाठी अख्खी गाडी करावी लागत नाही, पार्ट-लोडमध्ये ते इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत जातात, ही बेळगावची मोठी सोय. पुणे-बेंगळुरू हायवे शहराला लागून जातो आणि गोव्याचे चोर्ला व अनमोड हे दोन्ही रस्ते इथूनच धरता येतात. म्हणून उद्यमबागेतलं पन्नास किलोचं कास्टिंग (धातूचा ओतीव भाग) असो की शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचा गठ्ठा, गाडी मिळते.

कोल्हापूर ११० किलोमीटर, हुबळी जेमतेम १००. संध्याकाळी टाकलेला माल सहसा दुसऱ्या दिवशी पोचतो, कारण मध्ये गाडी बदलत नाही. या दोन मार्गांना आमचे पूर्ण गुण. गोव्यालाही सेवा चांगली, फक्त पावसाळ्यात घाटात अवजड गाड्यांना बंदी आहे का ते आधी विचारा.

खरी गडबड ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या परवान्यात होते. ५० हजार रुपयांच्या वरचा माल असला की बिल लागतं, आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. म्हणजे ३४० किलोमीटरवरच्या पुण्याला दोन दिवस. बिलाच्या पार्ट-ए मध्ये मालाची माहिती असते, पार्ट-बी मध्ये गाडीचा नंबर. पुष्कळ जण ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंत माल नेणाऱ्या आपल्या टेम्पोचाच नंबर पार्ट-बी मध्ये भरून टाकतात. मुदत तिथूनच सुरू होते. लॉरी भरेपर्यंत माल गोडाऊनला दोन दिवस पडून राहिला, की बिल वाटेतच संपतं. राज्यातल्या राज्यात गोडाऊन ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टेम्पोसाठी पार्ट-बी लागतच नाही. फक्त पार्ट-ए भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी घाला, लॉरीचा नंबर त्यालाच भरू द्या.

पुण्यापुढच्या मालाची गाडी बदलते आणि नग तिथेच फुटतात, हरवतात. मशिनिंग झालेल्या कास्टिंगला तेल लावून प्लास्टिक गुंडाळा, लाकडी पॅलेटवर पट्टीनं आवळा. नुसत्या गोणीत भरलं तर कडा ठेचतात, पावसात गंज चढतो. प्रत्येक नगावर ‘१/४, २/४’ असं रंगानं लिहा. चिठ्ठी निघून जाते.

भाडं ठरवताना हमाली आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टर देतो त्या माल-पावतीचा) खर्च त्यात धरलाय का, आणि माल दरवाजा पोच की गोडाऊन पोच, हे बिल्टीवरच लिहून घ्या. तोंडी बोलणं पुढच्या गोडाऊनला कोणी मानत नाही. माल घेणाऱ्यालाही सांगून ठेवा: आधी नग मोजायचे, तूट-फूट बिल्टीच्या प्रतीवर लिहायची, मगच सही करायची.